मेन रोडची ड्रेपरी : भाड्याचा टुटू आणि माळ्यावरचे मास्टर

लेकीच्या शाळेचं गॅदरिंग नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात, आणि दरवर्षीचं कोळीगीत सोडून यंदा डान्सच्या मॅडमनी एकदम बॅलेच घेतला, हंसांचा नाच, बारा मुली, आणि ग्रुपवर मेसेज की प्रत्येकीला पांढरा टुटू, म्हणजे बॅलेचा तो फुललेला नेटचा स्कर्ट, पाहिजे. आमच्या सासूबाईंनी विचारलं, "तुटू? म्हणजे आधीच तुटलेला आणायचा का गं?" तेव्हा हसले, पण नंतर तेच खरं झालं.

शनिवारी गाडी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, लावली आणि चालत मेन रोडच्या आतल्या गल्लीतल्या ड्रेपरीवाल्याकडे गेले. (गाडी आत न्यायचा विचारसुद्धा करू नका.) या दुकानात मावळ्यापासून टोमॅटोपर्यंत सगळं भाड्याने मिळतं, नऊवारी, वारकरी, चाचा नेहरू, सगळं. टुटू आहे का विचारलं तर आहे ना मॅडम म्हणाले आणि चक्क गोणीतून काढला. भाडं साडेतीनशे, डिपॉझिट हजार. गडबडीत पैसे देऊन घरी आणला, लेकीला घातला, आणि काड्या मोडलेली छत्री कशी लोंबते तसा तो गुडघ्यापर्यंत लोंबायला लागला. आत सॅटीनचं अस्तर, वर नेटचे तीन थर, इलास्टिक गेलेलं, दोनातला एक हूक नाही, आणि डांबरगोळ्यांचा वास वेगळाच. फोन केला तर म्हणे, "तो असाच असतो, परीला पण आम्ही हाच देतो."

असाच नसतो हो! मुख्य दोन प्रकारचे असतात. पहिला लांब, १८३२ ला पॅरिस ऑपेरात मारी ताल्योनी ही नर्तिका 'ला सिल्फिद' या बॅलेमध्ये नाचली तो, नडगीपर्यंत येणारा, पातळ कापडाचा, घंटेसारखा. तो लांब असूनही घोट्याच्या वरच कशाला, तर ती चवड्यांच्या टोकावर उभी राहून नाचत होती आणि लोकांना तिची पावलं दिसायला हवी होती. पुढे नाच जसा अवघड होत गेला तसा स्कर्ट वर वर सरकत गेला, १८८० च्या दशकात व्हर्जिनिया झुकी ही इटालियन बाई रशियात गेली आणि मला आखूडच पाहिजे म्हणून अडून बसली, आणि १८९५ ला 'स्वान लेक' मध्ये पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या, आता ते झालर लावून केलं असतं तर कुणाला काय दिसलं असतं? म्हणून मग दुसरा प्रकार, तो ताटासारखा आडवा टुटू आला. त्यात नेटचे दहा-बारा थर, सगळ्यात वरचा रुंद आणि खाली येताना एकेक अरुंद, म्हणजे खालचे वरच्याला उचलून धरतात. सगळी करामत त्या खालच्या थरांची आहे, जे दिसतच नाहीत. या दुकानदाराने नेमके तेच गाळलेले.

रविवारी परत गेले, भांडायच्या तयारीने. मालक म्हणाले पटत नसेल तर शिवून घ्या, माळ्यावर मास्टर बसतात. त्या लाकडी जिन्यावर साडी नेसून चढू नका एवढंच सांगते. वर एक म्हातारे मास्टर, लग्नाच्या लेहंग्यांची कामं करतात, मशीनशेजारी नेटचा हा एवढा ढीग. मोबाईलवर फोटो दाखवला, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाले, "हा कॅनकॅनच आहे ताई, फक्त आडवा." (कॅनकॅन म्हणजे लेहंगा फुलवायला आतून लावतात ती कडक नेट.) बास, मला तिथेच कळलं की आपण बरोबर माणसाकडे आलो.

मी बसून बघितलं थोडा वेळ. कडक नेटच्या पट्ट्या कापल्या, वरची नऊ इंच आणि मग इंचा-इंचाने कमी करत खालची दोन इंच, आठ थर, सात वर्षांच्या पोरीला पुरे म्हणाले. प्रत्येक पट्टीला लांब टाके घालून दोरा ओढून चुण्या, त्या चुण्या निकरवर एकीखाली एक शिवायच्या, आणि शेवटी सगळे थर मधेमधे सैल टाक्यांनी एकमेकांना धरून ठेवायचे, नाहीतर गिरकी घेतली की एकेक थर वेगळा उडतो. मी शहाणपणा केला की काहींच्यात गोल तार असते तशी घाला, तर ठाम नाही म्हणाले, बारा पोरी एका स्टेजवर, एकीची तार दुसरीला लागणार. आता गंमत बघा, न्यूयॉर्कमध्ये बालांशिन या बॅले बसवणाऱ्याच्या नाचांचे कपडे करणारी कारिन्स्का, तिनेही १९५० च्या सुमाराला हेच केलं, खूप जणी एकत्र नाचताना ताटं एकमेकांवर आपटायची म्हणून तार काढून टाकली आणि मऊ, आखूड थरांचा टुटू केला. मास्टरांनी तिचं नावही ऐकलेलं नाहीये.

शिलाई कापडासकट चौदाशे. बुधवारी देतो म्हणून शुक्रवारी संध्याकाळी दिला, शनिवारी गॅदरिंग, मधल्या दोन दिवसांत "उद्या नक्की" किती वेळा ऐकलं विचारू नका. पण घातल्यावर जो उभा राहिला ना! लेक दारातून आडवी होऊन बाहेर आली.

दुकानाने सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही ते म्हणजे नायलॉनची नेट उष्णतेला अजिबात टिकत नाही. उलट खालच्या पोऱ्याने एका आईला चुण्या पडल्यात तर घरी इस्त्री मारा सांगितलं, तिने मारली, आणि थेट इस्त्रीच्या आकाराचं भोक. आणि कालिदासला दीपप्रज्वलनाची समई स्टेजच्या कडेला तेवत असते, विंगेत या बारा जणी फुललेल्या, मी आपली समईच्या आणि त्यांच्या मध्ये भिंतीसारखी उभी. उगाच घाबरत नव्हते. १८६२ ला एमा लिव्ही नावाची तरुण नर्तिका, त्याच पॅरिस ऑपेरात, तालमीत गॅसच्या दिव्यावर तिचा स्कर्ट पेटला, आणि आठ महिने सोसून ती गेली. कापड लवकर पेटू नये म्हणून द्रावणात बुडवायची सोय तेव्हा होती, पण त्याने स्कर्ट कडक आणि पिवळट होतो म्हणून तिने नको म्हटलं होतं. आजची नेट तर वितळून अंगाला चिकटते.

खाली काउंटरपाशी गुलाबी 'टुटू फ्रॉक' ची रांगच आहे, पहिल्या वाढदिवसाचे, तेच कॉलेज रोडला काचेच्या शोकेसमध्ये दुप्पट भावाने दिसतात. हे बरे आहेत, शिवण साफ आहे. नाचाशी संबंध शून्य, पण ते तर मोठमोठ्यांनीही केलंय, व्हिव्हियन वेस्टवूड या फॅशन डिझायनर बाईने १९८५ ला टुटू आणि जुना पिंजऱ्याचा घागरा एकत्र करून चक्क मिनी स्कर्ट काढला. आणि १९९८ च्या 'सेक्स अँड द सिटी' या गाजलेल्या अमेरिकन सिरियलच्या टायटलमध्ये हिरॉईन जो पांढरा टुटू घालून रस्त्यावर फिरते, तो म्हणे पाच डॉलरच्या ढिगातून उचललेला, २०२४ ला लिलावात ५२,००० डॉलरला गेला.

आम्हाला मात्र हजारातले आठशेच परत मिळाले. हूक तुटलाय म्हणून दोनशे कापले, जो हूक मुळात नव्हताच. फोटो काढून ठेवत जा बायांनो, दुकानातच.

भाड्याला एक स्टार, तोही जाताना पाणी विचारलं म्हणून. मास्टरांना पाच, पण तारीख चार दिवस आधीची सांगा. टुटू घरी उलटाच ठेवा, असं त्यांनी दोनदा बजावलंय, लटकवला की थर खाली येतात, थिएटरवाले पण उलटेच रचून ठेवतात. आमचा कपाटावर उलटा पडलाय, आणि सासूबाई कालपासून म्हणतायत की त्यात लसूण छान वाळेल.