आईच्या वहीतल्या चार उचली : व्हीलचेअरवरून पाहिलेले सिंगापूर

माझी आई एका सहकारी पतसंस्थेत तीस वर्षे खतावणी लिहीत होती, आणि निवृत्तीनंतरही तिची हिशेब ठेवण्याची सवय सुटलेली नाही. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली पाच वर्षे ती व्हीलचेअर वापरते. आधार धरून ती क्षणभर उभी राहते, पण पाऊल टाकू शकत नाही, त्यामुळे एक पायरी काय आणि एक मजला काय, तिच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. बाहेर गेल्यावर ज्या ज्या वेळी तिला खुर्चीसकट किंवा खुर्चीविना उचलावे लागते, त्या प्रत्येक वेळेची नोंद ती एका छोट्या वहीत करते आणि त्यासाठी पतसंस्थेतलाच शब्द वापरते : ‘उचल’. गेल्या हिवाळ्यात कोकणात आम्ही दोन दिवस राहिलो, तेव्हा तिच्या वहीत सतरा उचली पडल्या होत्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सिंगापूरला आम्ही सहा दिवस होतो, आणि तिथल्या उचली भरल्या फक्त चार. त्या चारही टाळता आल्या असत्या, असे माझे मत आहे. म्हणून हे परीक्षण थोडे तपशिलात लिहीत आहे.

सुरुवातीला आम्ही एका प्रवासी कंपनीच्या गटसहलीची चौकशी केली होती. तिथल्या गृहस्थांनी अगदी आपुलकीने सांगितले की काळजी करू नका, आमची माणसे काकूंना बसमध्ये उचलून बसवतील. आईने त्याच क्षणी नकार दिला. मग आई, मी, नवरा आणि दहावीतला मुलगा असे चौघे आपले आपणच गेलो, आणि सगळा प्रवास मेट्रो आणि बस यांच्या भरवशावर आखला. हा निर्णय योग्य ठरला, कारण सिंगापूरच्या सहलीत व्हीलचेअरवरच्या माणसासाठी सर्वांत चांगली गोष्ट कुठली, असे मला कोणी विचारले, तर मी कुठल्याही प्रेक्षणीय स्थळाच्या आधी तिथल्या साध्या सार्वजनिक बसचे नाव घेईन.

पहिल्या दिवशी बस थांब्यावर आली, तेव्हा आम्ही सवयीने पुढच्या दारापाशी धावलो आणि मुलाने खुर्चीचे एक चाक धरलेसुद्धा. चालकाने हातानेच थांबण्याची खूण केली. त्यांना तिथे ‘बस कॅप्टन’ म्हणतात. गाडी थांबवून ते मधल्या दारापाशी आले, बसच्या तळात दुमडून बसवलेली लोखंडी फळी एका कडीने उचलली आणि फुटपाथवर उलटी टाकली. आई स्वतः चाके फिरवत वर गेली. खुर्ची बसच्या मागच्या दिशेला तोंड करून गादी लावलेल्या एका पाठीला टेकवायची असते, म्हणजे ब्रेक लागला तरी खुर्ची घसरत नाही. ती नीट टेकली आहे की नाही, हे त्यांनी पाहिले, कुठे उतरणार ते विचारले आणि फळी मिटून ते आपल्या जागेवर गेले. उतरायचे आहे हे चालकाला कळवण्यासाठी शेजारी निळे बटण होते. आईने घड्याळ लावून मोजले होते, सगळ्याला मिळून एक मिनिटही लागले नाही. बसमधल्या कोणी घड्याळाकडे पाहिले नाही, कोणी हळहळलेही नाही, आणि आईला त्यातले दुसरे अधिक आवडले.

ही सोय तिथे पूर्वापार आहे, असे मात्र नाही. मेट्रोचा पहिला टप्पा 1987 साली सुरू झाला, तेव्हा व्हीलचेअर घेऊन फलाटावर जाण्याची व्यवस्था नव्हती; जुन्या स्थानकांत लिफ्ट नंतर बसवल्या गेल्या. फळी असलेल्या सखल बस 2006 पासून येऊ लागल्या आणि 2020 च्या अखेरीपर्यंत सगळ्या सार्वजनिक बस तशा झाल्या. ‘सगळ्या’ या शब्दाला महत्त्व आहे. आपल्याकडेही अशा बस दिसतात, परंतु पुढची बस तशी असेल की नाही हे ठाऊक नसते, आणि ज्या सोयीचा भरवसा धरता येत नाही, तिच्या जोरावर घराबाहेर पडता येत नाही. तिथे एकदाच एक बस आम्हाला न घेता गेली, कारण तिच्यातल्या जागेवर आधीच एक आजोबा आपली व्हीलचेअर लावून बसले होते. आम्ही जरा वैतागलो. आई मात्र खूश दिसली. ते आजोबा एकटेच होते आणि त्यांच्या मांडीवर भाजीची पिशवी होती, एवढे तिने खिडकीतून पाहून घेतले होते.

मेट्रोबद्दल तक्रार करायची तर ती अंतराची आहे. रस्त्यावरून तिकीटघराच्या मजल्यावर नेणारी लिफ्ट एका टोकाला आणि तिथून फलाटावर नेणारी दुसऱ्या टोकाला, असे बऱ्याच ठिकाणी आढळते, आणि मार्ग बदलण्याच्या मोठ्या स्थानकांत तर जमिनीखाली चांगलीच पायपीट होते. शिवाय लिफ्टपुढे सुट्टीच्या दिवसांत बाबागाड्या आणि सामानाच्या बॅगा यांची रांग लागते, आणि धडधाकट तरुणही तीत निवांत उभे असतात. मोबाइलमधला नकाशा पंचवीस मिनिटे सांगत असेल, तर आम्ही पंचेचाळीस धरत होतो. मात्र गाडीचा तळ आणि फलाट जवळजवळ एका पातळीत असतात, मधली फट खुर्चीची पुढची लहान चाके अडकण्याइतकी रुंद नसते, आणि दारे नेमकी कुठे येणार ते फलाटावरच्या काचेच्या दारांमुळे आधीच कळते. स्थानकातले अपंगांसाठीचे स्वच्छतागृह हाही फार मोठा आधार आहे. प्रवासात पाणी कमी प्यायची आईची जुनी सवय तिसऱ्या दिवशी आपोआप सुटली. फक्त स्वच्छतागृहासाठी पाण्याचा मग बरोबर न्यावा, एवढा एक घरगुती सल्ला देते.

डिसेंबर हा तिथला पावसाचा काळ असतो. व्हीलचेअर स्वतः चालवणाऱ्याला छत्री धरता येत नाही, ही गोष्ट आपल्या फारशी लक्षात येत नाही. सिंगापूरमध्ये स्थानकांपासून बसथांब्यांपर्यंत आणि वस्त्यांपर्यंत छप्पर घातलेले रस्ते आहेत, त्यांनी आम्हाला तीन वेळा वाचवले. चौथ्यांदा आम्ही छप्पर सोडून जवळची वाट धरली आणि चिंब झालो. त्यात दोष आमचाच होता.

प्रेक्षणीय स्थळांपैकी ‘गार्डन्स बाय द बे’ आम्ही दोनदा पाहिले. 2012 साली उघडलेल्या या बागेत काचेची दोन प्रचंड हरितगृहे आहेत. त्यांपैकी ‘क्लाउड फॉरेस्ट’मध्ये शिरताच पस्तीस मीटर उंचीचा धबधबा समोर कोसळत असतो आणि त्याचे तुषार थेट अंगावर येतात. धबधब्यामागच्या कृत्रिम डोंगराच्या माथ्यावर सगळ्यांनाच लिफ्टने नेतात, त्यामुळे आई तिथे वेगळी पडली नाही. आम्ही चौघे एकाच दाराने वर गेलो. बाकी बहुतेक पर्यटनस्थळी व्हीलचेअरवाल्याला मागच्या दाराने, सामानाच्या वाटेने नेतात आणि घरच्यांशी त्याची गाठ पुन्हा आत पडते. संध्याकाळी पावणेआठ वाजता बाहेरच्या ‘सुपरट्री’ नावाच्या उंच लोखंडी झाडांवर दिव्यांचा खेळ होतो. गर्दी तुफान होती आणि पुढे उभ्या राहिलेल्या लोकांच्या पाठी बघत बसावे लागणार, असे आम्ही गृहीत धरले होते. पण हा खेळ मान वर करून पाहायचा असतो, त्यामुळे पुढचा माणूस उभा आहे की बसला आहे, याने काहीच फरक पडत नाही. फक्त मान अवघडते. मुलाने आपले जाकीट गुंडाळून आईच्या मानेमागे ठेवले आणि पुढचा सगळा वेळ तो थंडी वाजत नसताना वाजल्याचे सोंग करत होता.

वनस्पती उद्यान त्या मानाने शांत आहे. 1859 साली स्थापन झालेल्या या बागेला 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बागेत प्रवेश मोफत आहे, आतल्या ऑर्किड विभागाला तेवढे तिकीट पडते. हा भाग टेकडीच्या उतारावर असल्यामुळे पायऱ्यांना पर्याय म्हणून उताराच्या वाटा आहेत. चढावर ढकलणाऱ्याचा दम निघतो, म्हणून सकाळी लवकर जाणे बरे. ऑर्किडचे वाफे अनेक ठिकाणी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, आणि मला वाकून पाहावी लागणारी फुले आईला सरळ दिसत होती. प्राणिसंग्रहालयाला आम्ही आंग मो कियो या भागातून 138 क्रमांकाच्या बसने गेलो. प्राण्यांना पिंजऱ्याऐवजी खंदकाने वेगळे ठेवण्याची तिथली पद्धत बसून पाहणाऱ्यालाही सोयीची आहे. सेंटोसा बेटाला जाऊन आलो, एवढेच म्हणते. तिथे आमचा वेळ रांगांत गेला.

आता उचली. पहिल्या दोन हॉटेलात झाल्या. आरक्षण करताना ‘व्हीलचेअरसाठी योग्य’ अशी खोली आम्ही मुद्दाम जादा पैसे भरून घेतली होती. खोलीचे दार ऐसपैस होते, बाथरूमचे मात्र अठ्ठावन्न सेंटिमीटर, आणि आईची खुर्ची बाहेरच्या बाजूने मोजली तर बासष्ट. वर चार बोटे उंचीचा उंबरठा. रात्री अकरा वाजता मी आणि नवऱ्याने तिला हातांवर उचलून आत नेले आणि तसेच बाहेर आणले. तिने काही न बोलता वही काढली. सकाळी व्यवस्थापक आले, त्यांनी टेपने दार मोजले, माफी मागितली आणि तासाभरात आम्हाला दुसरी खोली दिली, जिथे उंबरठा नव्हता, दार सरकते होते आणि खुर्चीसकट शॉवरखाली जाता येत होते. राग येण्याची गोष्ट हीच, की ती खोली आदल्या रात्रीही रिकामीच होती. आमच्या आरक्षणापुढची खूण कोणी वाचली नव्हती. हॉटेलला ‘व्हीलचेअर चालेल का’ असे विचारू नये. बाथरूमच्या दाराची रुंदी सेंटिमीटरमध्ये विचारावी आणि उंबरठ्याचे छायाचित्र मागवावे.

उरलेल्या दोन उचली लिटल इंडिया या भारतीय वस्तीतल्या. तिथल्या जुन्या दुकानांपुढे पाच फुटी ओसरी असते; सिंगापूरचे ब्रिटिश संस्थापक रॅफल्स यांच्या 1822 च्या नगररचनेपासून चालत आलेली ही पद्धत उन्हापावसात फार सोयीची आहे, पण प्रत्येक इमारतीची ओसरी वेगळ्या उंचीची. एका दुकानापुढून दुसऱ्यापुढे जायला मध्येच पायरी येते, खाली रस्त्यावर उतरावे तर वाहने. मोगऱ्याचे गजरे आईने रस्त्यावरूनच घेतले. डोशासाठी मात्र तिने हट्ट धरला, आणि त्या उपाहारगृहाला एकच पायरी होती : जाताना एक उचल, येताना एक. आत दोन तरुण वेटर मदतीला आले, पण खुर्चीला हात घालण्याआधी त्यांनी आईला विचारले, कुठे धरू. आपल्याकडे चार माणसे प्रेमाने धावत येतात आणि काही कळायच्या आत खुर्ची हवेत असते. आई म्हणते, गॅसचा सिलिंडर चढवतात तसे. त्या दोघांच्या विचारण्याची नोंदही तिने वहीत केली आहे, समासात.

विमानप्रवासाच्या उचली तिने मोजल्या नाहीत, कारण अरुंद खुर्चीवरून आसनावर सरकवणे ही तिच्या मते ‘अंतर्गत वर्गबदल’ आहे. मात्र तिकीट काढताना एक खबरदारी घ्यावी. व्हीलचेअर मागितली की काम झाले, असे होत नाही. तिचे तीन प्रकार असतात. लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचआर, पायऱ्या जमत नाहीत पण विमानात आसनापर्यंत चालता येते त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचएस, आणि अजिबात चालता येत नाही त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचसी. तिकिटावर चुकीची अक्षरे पडली, तर विमानाच्या आतली अरुंद खुर्ची वेळेवर येत नाही. आमच्या तिकिटावर आधी पहिला प्रकार पडला होता. दोनदा फोन करून तो बदलून घेतला.

शहराला मी दहापैकी साडेआठ गुण देते आणि हॉटेलला, दुसरी खोली धरूनही, चार. दिवसाला एकच मोठे ठिकाण ठेवावे, दुपारी खोलीवर परतावे, आणि घरून निघण्यापूर्वी खुर्चीच्या टायरमधली हवा तपासून घ्यावी. परतीच्या प्रवासात विमान कंपनीने खुर्ची विमानाच्या दारापाशी देण्याचे कबूल केले होते. प्रत्यक्षात ती मुंबईला सामानाच्या पट्ट्यावर आली, तीही पाय ठेवायची उजवी पट्टी वाकवून. तक्रारीचा अर्ज तिथेच भरून दिला, त्याला ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ एवढे उत्तर आले आहे. पट्टी आमच्या चौकातल्या सायकलवाल्याने हातोडीच्या तीन ठोक्यांत सरळ करून दिली. त्याचे वीस रुपये आईने सहलीच्या खर्चातच धरले आहेत.