आजीचा मॉरिशसचा फोटो आणि चिपळूणचा स्टुडिओ, माझा अनुभव

ओले झालेले, बुरशी लागलेले, काचेला चिकटलेले जुने फोटो नीट करून घ्यायचे असतील तर चिपळूणच्या बाजारपेठेत एक छोटा स्टुडिओ आहे तिथे जा, लांबून जावं लागलं तरी जा. आम्ही श्रीवर्धन तालुक्यातले, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरून मंडणगड-दापोली-खेड करत गेलो आणि परत येताना एकालाही वाटलं नाही की उगाच एवढं लांब आलो. स्टुडिओचं नाव इथे टाकत नाही, तिथल्या काकांनीच नको म्हटलं, एकटे काम करतात आणि आहे तेच काम पुरून उरतंय म्हणे. बाजारात कुणालाही विचारा पुराचे फोटो करणारे काका कुठे बसतात, दाखवतील.

फोटो माझ्या आजीचा. आजी मॉरिशसची. आमच्याकडे बाहेरून सून आली की गुहागरची, रत्नागिरीची, फार तर मुंबईची, आणि ही साडेचार हजार किलोमीटरच्या वर समुद्र ओलांडून आलेली, गावात सगळे तिला मॉरिशसवालीच म्हणायचे. तिच्या आजोबांचे वडील कोकणातूनच गिरमिटवर, म्हणजे मजुरीचा करार करून, तिकडे उसाच्या मळ्यात गेलेले. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख लोक असे भारतातून त्या बेटावर उतरले, बहुतेक बिहारकडचे, पण आपले रत्नागिरीकडचेही बरेच होते, त्यांची वस्ती आजही कास्काव्हेलसारख्या गावांत आहे आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. आजोबा आमचे जहाजावर खलाशी, साखर भरायला त्यांचं जहाज पोर्ट लुईला लागायचं, तिथे ओळखीतून लग्न जमलं आणि १९६१ ला आजी इकडे आली, आधी मुंबई आणि मग भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. एवढं सगळं आम्हाला आजोबांनी सांगितलंय. आजीने काहीच सांगितलं नाही.

आजी मुळातच फार कमी बोलायची. रागावलेली नसायची, तोंड पाडून बसायची असंही नाही, पडवीत बसून सुपारी कातरायची, वाल सोलायची, आपण शेजारी जाऊन बसलो की जरा सरकून जागा करून द्यायची आणि परत कामाला लागायची. तिकडे कसं होतं गं विचारलं की म्हणायची "होतं की, इकडच्यासारखंच." बहिणीची निळी एअरमेलची पत्रं यायची, एकदा वाचून तांदळाच्या डब्यामागे ठेवून द्यायची, पुढे तीही यायची बंद झाली, त्याबद्दलही काही बोलली नाही. वर्षातून कधीतरी मनात आलं की चण्याची डाळ शिजवून वाटून मैद्याच्या पातळ पोळीत भरून डाळपुरी करायची, सोबत टोमॅटोचा झणझणीत रस्सा, आम्ही पोरं तव्यावरून उचलून खायचो आणि ती बघत बसायची.

तिचं तिकडचं म्हणावं असं घरात एकच होतं, हा फोटो. पोर्ट लुईच्या कुठल्यातरी स्टुडिओतला, मागे शिक्का अर्धा पुसलेला. आजी खुर्चीवर बसलीय, सोळा-सतरा वर्षांची असेल, फुग्याच्या बाह्यांचं पोलकं, आणि बाजूला एक बाई उभी, तिचा हात आजीच्या खांद्यावर. ती बाई कोण हे कधी कुणी नीट विचारलं नाही. आत्या म्हणायची पणजी, म्हणजे आजीची आई, बाबा म्हणायचे आजीची मोठी बहीण.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या पट्ट्यात काय झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या, कौलं, पत्रे, विजेचे खांब सगळं गेलं, कित्येक आठवडे लाईट नाही आणि त्यात लॉकडाऊन. आजी तेव्हा ऐंशीची. दुपारी वारा जरा पडल्यासारखा झाला तसे माझे सख्खे काका दार उघडून वाडी बघायला निघाले तर आजी आतून म्हणाली "उघडू नको. परत येईल, उलट्या बाजूने." आणि आला. मॉरिशसला १९६० मध्ये जानेवारीत ॲलिक्स आणि फेब्रुवारीच्या शेवटी कॅरोल अशी दोन वादळं पाठोपाठ आली होती, कॅरोलचा वारा ताशी २५० किलोमीटरच्या वर गेला होता आणि वादळाचा डोळा थेट बेटावरून गेला, मधे काही काळ सगळं शांत आणि मग उलट्या दिशेने परत झोडपलं, हजारो लोकांची घरं गेली. हे मी नंतर वाचलं. ती त्यातून गेलेली होती आणि पुढच्याच वर्षी आमच्या घरात आली, साठ वर्षं आमच्यात राहिली आणि त्या वादळाबद्दल आम्हाला मिळालं ते तेवढं एक वाक्य.

माजघराच्या वरची कौलं उडाली त्यात फोटो भिजला. फ्रेमच्या आत पाणी गेलं, पावसाळाभर ओल, फोटो काचेला चिकटला, बाजूच्या बाईवर बुरशी चढत गेली आणि शेवटी चेहरा, अर्धं अंग सगळं गेलं. राहिला फक्त खांद्यावरचा हात. आत्याने तेव्हा आजीला विचारलं, आई हा हात कुणाचा होता गं, तर आजीने फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाली "माझ्याच माणसाचा." पुढे काही नाही. ती गेल्यावर वर्षश्राद्धाला फोटो लावायचा असं घरात ठरलं म्हणून शोधाशोध सुरू झाली.

आधी एका ऑनलाईन सेवेकडे फोटो पाठवला होता, दुसऱ्या दिवशी फाईल आली, रंगीत. आजी गोरी झालेली, डोळे मोठे, ओठांवर हसू, आणि बाजूला एक अख्खी बाई उभी केलेली, पदर, कुंकू, चेहरा सगळं. आत्याने मोबाईल हातात घेतला आणि एकच विचारलं, ही कोण? तिला त्याचा एवढा त्रास झाला की दोन दिवस ती त्यावर बोलली नाही. मला ते अजून सलतं. जी बाई आयुष्यभर एवढं जपून बोलली तिच्या एकुलत्या एक फोटोत कुणीतरी सरळ परकं माणूस आणून उभं केलं.

मग ओळखीतून चिपळूणचा पत्ता मिळाला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीला पूर आला आणि अख्खी बाजारपेठ पाण्याखाली गेली त्यात या काकांचा स्टुडिओही गेला, तेव्हा तळमजल्यावर होता. पाणी उतरल्यावर लोक चिखलाने भरलेले लग्नाचे अल्बम पिशव्यांत घालून त्यांच्याकडे आणायला लागले, आणि काकांनी स्वतःच्या दुकानाचा चिखल काढता काढता ते फोटो एकेक करून वाचवले. तिथून त्यांचा हात बसला.

काकांनी सगळ्यात आधी काय केलं तर फोटो काचेवरून सोडवायचा प्रयत्नच केला नाही. आम्ही म्हणत होतो हळूच सोडवा, तर म्हणाले याच्यावर जिलेटिनचा थर असतो, चित्र त्या थरात असतं, तो काचेला धरलाय, ओढलं तर चेहरा काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. म्हणून काचेसकट आधी मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन, मग दोन बाजूंनी तिरका लाईट लावून कॅमेऱ्याने वेगळे फोटो, काचेची चकाकी मारायला पोलरायझिंग फिल्टर. मूळ फोटो तसाच काचेसकट परत दिला. बुरशीबद्दल पण नीट समजावून सांगितलं, की ती जिलेटिनच खाते आणि खाल्लेली जागा मग पाण्यात विरघळते, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसायचं अजिबात नाही, पूर्ण वाळू द्यायचा आणि मऊ कोरड्या ब्रशने झटकायचा, तेही घराबाहेर, तोंडाला मास्क लावून. फोटो नुकताच भिजला असेल तर स्वच्छ गार पाण्यात हलकेच धुवून सावलीत पंख्याखाली चित्र वर करून वाळवायचा, उन्हात नाही, आणि पुष्कळ असतील, लगेच करणं शक्य नसेल तर मधे बटर पेपर घालून प्लास्टिकच्या पिशवीत फ्रीजरमध्ये टाकायचे, म्हणजे बुरशी धरत नाही आणि मग सवडीने थोडे थोडे काढता येतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे प्रत्येक घरात माहीत पाहिजे असं मला वाटतं.

मग मुख्य गोष्ट. काकांनी विचारलं बाजूच्या बाईचा दुसरा फोटो आहे का, मी म्हटलं नाही. चेहरा कुणाला नक्की आठवतो का, तर नाही. मग म्हणाले "मी ती बाई बनवणार नाही. आजीचं जेवढं आहे तेवढं स्वच्छ करतो, हात स्वच्छ करतो, बाकी जागा मागच्या पडद्याच्या रंगात शांत सोडतो. चालत असेल तर काम घेतो." आत्या सोबत होती, तिने लगेच हो म्हटलं. आम्ही आजीने सांगितलं ते वाक्य त्यांना सांगितलं तर म्हणाले मग बरोबर आहे, त्यांनी ठेवलंय तेवढंच ठेवू. यासाठी मी हा सगळा रिव्ह्यू लिहितेय. कॉम्प्युटरवर आता काहीही पाच मिनिटांत बनतं, पण कुठे थांबायचं हे या माणसाला कळतं. आपली जी माणसं गप्प राहून गेली त्यांच्या गप्प राहण्यातही आपण हात घालायचा नसतो, आमच्या घरात हे कळायला असा एक माणूस भेटावा लागला.

काम कसं झालं, तर अप्रतिम. चेहऱ्यावर सुरकुती-डाग काही उगाच गुळगुळीत केलेलं नाही, उजव्या भुवईवरचा बारीक व्रण जो आजीला म्हातारपणीही होता तो तिथे आहे, आत्याने तो बोट लावून दाखवला. रंग भरलेले नाहीत, काळा-पांढराच ठेवला. बारीक फटी, बुरशीचे ठिपके हे सगळं हाताने एकेक भरलंय, झूम करून बघितलं तरी कळत नाही. प्रिंट चांगल्या मॅट कागदावर, आणि फोटो काचेला टेकू नये म्हणून मधे जाड पुठ्ठ्याचं माउंट. एक मोठी प्रिंट, दोन छोट्या, पेनड्राईव्हवर मोठी फाईल आणि मूळ फोटो ठेवायला बिनॲसिडच्या कागदाचं पाकीट, सगळं मिळून २२०० रुपये घेतले. ऑनलाईनवाल्यांपेक्षा जास्त आहेत, पण माझ्या मते कमीच घेतले.

उणं सांगायचं तर वेळ फार लागतो, महिना धरून चाला, आणि फोन उचलत नाहीत, मेसेज टाकून ठेवायचा, रात्री उशिरा उत्तर येतं. जिना अरुंद आणि चढा आहे, आत्याला गुडघ्यामुळे त्रास झाला, वयस्कर माणसांना खालीच थांबवा. फ्रेमचे प्रकार मला आवडले नाहीत, सोनेरी प्लास्टिकच्याच जास्त, आम्ही फ्रेम नंतर श्रीवर्धनला सुताराकडून सागाची करून घेतली. व्हॉट्सअपवर पाठवलेलं सॅम्पल दाबलं गेल्यामुळे धुरकट दिसतं, त्यावरून ठरवू नका, जमलं तर जाऊन त्यांच्या स्क्रीनवर बघा.

मॉरिशसला मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची जुनी रजिस्टरं जपून ठेवलेली आहेत, काहींचे फोटोसुद्धा, पण तिथे नोंद सापडते ती बेटावर उतरलेल्या माणसांची, लग्न होऊन बेट सोडून गेलेल्या पोरीची कुठे सापडणार. तरी आजीच्या पणजोबांचं नाव धरून चौकशी करायची आत्याची इच्छा आहे, ती मेल लिहायला बसलीय माझ्यासोबत. छोट्या दोन प्रिंट्सपैकी एक तिने स्वतःकडे ठेवलीय.

आजोबांच्या जहाजाच्या पुस्तकातला फोटोही आता काकांकडेच दिलाय, त्यावर कसर लागलीय. कुणाला द्यायचं असेल तर मे महिन्याच्या आत द्या, पावसात ते ओले फोटो सोडून दुसरं काम हातात घेत नाहीत.