दात पांढरे करायचे: दवाखान्याच्या खुर्चीवर की घरच्या ट्रेने?

दंतवैद्याकडून दात पांढरे करून घ्यायचे तर वाटा दोन. खुर्चीवर बसून तास-दीड तासात काम उरकायचं, नाहीतर आपल्या दातांच्या मापाचा पातळ पारदर्शक ट्रे बनवून घ्यायचा आणि दोनेक आठवडे रोज रात्री त्यात जेल भरून झोपायचं. मी आधी पहिलं केलं, पुढे रंग उतरल्यावर दुसरं. आम्ही वरूडकडचे, दवाखान्याला अमरावती नाहीतर नागपूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. माझं मत त्या हिशेबाने घ्या.

औषध दोन्हीकडे पेरॉक्साइडच. ते दाताच्या कवचातून आत झिरपतं आणि मुरलेल्या पिवळ्या-तपकिरी रंगकणांचे तुकडे करतं. फरक आहे तो जोराचा. खुर्चीवर २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. हिरडी भाजू नये म्हणून आधी तिच्यावर लेप देऊन तो दिव्याने कडक करतात. ट्रेमध्ये बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असतं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड जेमतेम साडेतीन टक्के. ही रात्रीची पद्धत १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या अमेरिकी दंतवैद्यांनी मांडली, आणि ती आजही टिकून आहे.

साक्षगंध तोंडावर आलं असेल तर खुर्चीच बरी, यात वाद नाही. उठलो तेव्हा आरशात फरक स्पष्ट दिसत होता. मात्र त्यातला थोडा फरक दात सुकल्यामुळे असतो. आठवडाभरात दात पाणी धरतात आणि रंग किंचित खाली बसतो. म्हणून कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी जावं, आदल्या दिवशी नाही.

माझं मन फिरलं ते कळेमुळे. परतीच्या बसमध्ये खिडकीचा वारा लागला आणि पुढच्या दातातून वीज गेल्यासारखी कळ आली. थांबली, पुन्हा आली. घरी आलो तर आंबिया बहाराची तोड सुरू, अंगणात संत्र्याचे ढीग, आणि मला एक फोड तोंडात घालवेना. दोन-तीन दिवसांत सगळं शांत झालं, बहुतेकांचं तसंच होतं. पण तेवढ्या दिवसांत हातात काहीच नसतं. औषध आत गेलेलं असतं, डॉक्टर दूर असतात.

ट्रेच्या वेळीही दात शिवशिवले. त्या रात्री ट्रे लावलाच नाही, दुसऱ्या रात्री पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट ट्रेमध्ये भरून थोडा वेळ ठेवली (डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं) आणि मग पुन्हा जेल सुरू केलं. दोर आपल्या हातात राहतो, ही गोष्ट गावात राहणाऱ्याला फार मोठी आहे.

ट्रेलाही कटकट आहेच. दर दाताच्या खाचेत तांदळाएवढंच जेल घालायचं. जास्त झालं की हिरडीवर येतं, ते बोटाने लगेच पुसावं लागतं. सुरुवातीला लाळ सुटते. जेल उन्हाने कमजोर होतं, आणि आपला मे महिना म्हणजे ४५ अंश. ते फ्रिजमध्येच हवं, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. पण रंग पुन्हा मंद झाला तर डॉक्टरांना विचारून त्याच ट्रेमध्ये एक-दोन रात्री जेल भरलं की भागतं. खुर्चीवाल्याला पुन्हा पहिल्यापासून खर्च.

पथ्य दोन्हीकडे सारखंच आहे. खुर्चीनंतर ४८ तास, आणि ट्रे सुरू असेतो शक्य तितकं, चहा, हळदीचं वरण, सावजी रस्सा टाळायचा. दहीभात, साधा भात, दूध, केळी चालतात. पाहुणपणाला गेलं की “काऊन गा, चहा सोडला का?” हे ऐकावंच लागतं, तिथे दूध मागून घ्यावं. नंतरही चहा घोट-घोट दिवसभर चालू ठेवू नये, एकदाच पिऊन पाण्याने चूळ भरावी. संत्र्याने डाग पडत नाहीत, पण त्याचं आम्ल कवच मऊ करतं. खाल्ल्यावर चूळ भरून अर्ध्या तासाने मऊ ब्रश लावा. राख, मीठ, कोळशाची पूड पूर्ण बंद.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) सुरू असेल तर दोन्हीकडचा पैसा पाण्यात. शिवाय उभी तीन बोटं दातांच्या मधे जात नसतील तर दात पांढरे करण्याचा विषय बाजूला ठेवून आधी तोंड तपासून घ्या, ती सुपारीने येणाऱ्या आजाराची खूण असू शकते. यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरच्या फ्लोराइडने पडलेले डागही वेगळे. तिथे पांढरे ठिपके सुरुवातीला उलट उठून दिसतात, त्यामुळे आधी सल्ला घ्या. कॅप आणि दातात भरलेलं जुनं सिमेंट पांढरं होत नाही. समोरच्या दातात सिमेंट बदलायचं असेल तर काम संपल्यावर दोन आठवडे थांबून नव्या रंगाला जुळवून भरा, लगेच भरलं तर ते नीट धरत नाही.

खर्च जड वाटत असेल तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात आधी चौकशी करा. ट्रेचं ठरलं तर माझ्या मते जानेवारी धरा. आंबिया उतरलेला असतो, मृगाची तोड यायची असते, आणि लाइट गेली तरी जेल खराब होण्याची धास्ती नसते.