अकरा महिने, 17,900 किलोमीटर आणि डॅशबोर्डातली वही: मोठ्या डिझेल गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज

आधी आकडा लिहून टाकतो, मग बाकीचं बोलू. 17,900 किलोमीटर, 1,480 लिटर डिझेल, म्हणजे लिटरला 12.09 किलोमीटर. टाकी फुल ते टाकी फुल, मधलं एकही भरणं सोडलं नाही. कंपनीच्या कागदावर साडेपंधरा आहे आणि शोरूममधला पोरगा तर म्हणे "हायवेले सतरा कुठं जात नाही भाऊ". गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच वजनाच्या आणि एवढ्याच इंजिनच्या गाड्या आमच्या भागात बऱ्याच आहेत आणि ज्यांनी ज्यांनी नीट हिशेब ठेवला त्यांचं उन्नीस-बीस हेच निघालं. 2.2 लिटर डिझेल, सहा गिअर मॅन्युअल, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर, सात सीटर, खाली लॅडर फ्रेम म्हणजे ट्रकसारखा शिडीच्या आकाराचा लोखंडी सांगाडा, रिकामी असतानाच दोन टनाच्या आसपास वजन. जुलै 2024 ला घेतली, आता जून सुरू झाला.

घेतली कशासाठी तर बाबांना दर पंधरा दिवसांनी सेवाग्रामला दवाखान्यात न्यावं लागते, ते मागं आडवे झोपून येतात, आणि आमचं वावर गावापासून चार किलोमीटर, त्यातली शेवटची दीड किलोमीटर पांदण, काळी माती. राळेगाव तालुक्यातले लोक समजून घेतील. जुनी हॅचबॅक जून ते सप्टेंबर घरासमोर उभीच राहायची.

आता वहीचं सांगतो कारण बाकी सगळं त्याच्यावर आहे. गाडीच्या स्क्रीनवर जे अ‍ॅव्हरेज दिसते त्याच्यावर मी पहिले दोन महिने भरोसा ठेवला, ती 13.1 दाखवत होती आणि मी खुश होतो. मग मामेभाऊ आला, तो बारा चाकी ट्रक चालवते, हिंगणघाटवरून कापसाच्या गाठी नेते, तो म्हणाला "स्क्रीन पाहू नको, नोझल पाह". तेव्हापासून वडकीचा एकच पंप, शक्यतो तेच मशीन, गाडी त्याच जागी उभी, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, डिझेलचा फेस बसू द्यायचा, दोनेक मिनिटांनी पुन्हा दाबायचं, दुसऱ्यांदा कट झालं की बस, वरून गोल आकडा करायला पाच रुपयाचंही टाकायचं नाही. मागं ट्रॅक्टरवाला ड्रम घेऊन उभा असते, पंपावरचा पोरगा म्हणते "भाऊ राउंड करू का", नाही म्हणायचं. मग लिटर आणि ट्रिप मीटर वहीत लिहायचं, मीटर शून्य करायचं. आधीच्या दोन महिन्यांच्या पावत्या मी जपून ठेवल्या होत्या, त्याही चढवल्या. आणि मग कळलं की स्क्रीन सरळ एक किलोमीटर जास्त सांगून राहिली.

कंपनीचा आकडा खोटा आहे असं मी म्हणणार नाही, राग आला होता पण वाचल्यावर उतरला. तो आकडा रस्त्यावरचा नाहीच. गाडी रोलरवर उभी करतात, ठरलेला एक कार्यक्रम असते वीस मिनिटांच्या आसपासचा, स्पीड कधीच 90 च्या वर जात नाही, एसी बंद. सगळ्या कंपन्यांना एकच कार्यक्रम, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा कामाचा. पण त्यात मे महिना नाही, सहा माणसं आणि दोन कट्टे तूर नाही, आणि आमचा तालुक्याचा रस्ता तर नाहीच नाही. तुमचा खर्च त्या आकड्यावर काढाल तर फसाल. मी काढला होता, म्हणून सांगून राहिलो. साडेपंधराच्या हिशेबानं मला 1,155 लिटर लागायला पाहिजे होतं, लागलं 1,480. सव्वातीनशे लिटर जास्त, लिटरचा भाव 91 धरला तर साडेएकोणतीस हजार रुपये. एवढ्यात आमच्याकडं कितीतरी बॅग खत येते.

आता कुठं किती देते ते. वडकीवरून हायवेला लागलो की हिंगणघाट, जाम, बुटीबोरी, नागपूर. या रोडवर 80-85 नं सहाव्या गिअरमध्ये नेली, एसी चालू, चार माणसं, तर साडेचौदा, कधी पंधरा. हिवाळ्यात सकाळी लवकर निघालो तर एकदा 15.3 पण आलं, कंपनीच्या आकड्याच्या इतकं जवळ तेवढं एकदाच. नागपूर शहरात शिरली की साडेनऊ. गावापासून राळेगाव, कळंब, यवतमाळ, जिथं खड्डे, बैलबंडी, शाळेची पोरं, दर दोन मिनिटाला ब्रेक आणि पुन्हा तिसरा गिअर, तिथं पावणेबारा-बारा. माझं सगळ्यात जास्त फिरणं याच रस्त्यावर आणि हायवेवर, म्हणून एकूण आकडा बारावर येऊन बसला.

समृद्धी महामार्गाचा अनुभव वेगळा लिहितो कारण मला स्वतःला तो सगळ्यात जास्त शिकवून गेला. डिसेंबरात शिर्डीला गेलो, सहा जण. वर्ध्याला टाकी फुल केली, येळाकेळीवरून वर चढलो आणि रस्ता इतका मोकळा की पाय आपोआप दाबला जाते. लिमिट 120 ची आहे, मी 110 ते 120 मध्येच ठेवली. शिर्डीला पोचून भरली तर 475 किलोमीटरला 42.8 लिटर, म्हणजे 11.1. मी पंपवाल्याला म्हटलं मशीन बरोबर आहे ना भाऊ. येताना बायको म्हणाली बाबांची पाठ दुखून राहिली, हळू चालवा, म्हणून पूर्ण रस्ता 90-95 नं आणली. तेच माणसं, तेच सामान, वर्ध्याला भरली तर 33.4 लिटर. 14.2! एका फेरीत नऊ लिटरच्या वर फरक, साडेआठशे रुपये, आणि वेळ गेला पाऊण-एक तास जास्त. थोडा फरक जमिनीचाही असेल, वर्धा सखल आहे आणि तिकडं जाताना चढत जावं लागते, वाराही कोणत्या दिशेचा होता ते मी पाहिलं नाही. पण मुख्य कारण हवाच. स्पीड वाढला की हवेचा विरोध स्पीडच्या वर्गानं वाढते, 95 चे 115 केले तर विरोध जवळपास दीडपट. आणि या गाड्या समोरून म्हणजे कोठ्याचं दार उभं केल्यासारख्या, उंच, रुंद, चपट्या. छोट्या सेडानला जो फरक कमी जाणवते तो इथं सरळ टाकीत दिसते. छतावर कॅरिअर लावून ठेवू नका, काम झालं की काढा.

पण खरं डिझेल जिथं जाते ते मला वही भरल्यावर कळलं, आणि ते हायवेवर नाही. वावराच्या चकरा. चार किलोमीटर जा, चार किलोमीटर ये, इंजिन गरम व्हायच्या आत बंद, पुन्हा तासाभरानं गावात जा, फवारणीचं औषध विसरलं म्हणून परत. अशा सगळ्या चकरा मिळून 1,400 किलोमीटर झाले असतील आणि त्यांनी पावणेदोनशे लिटर खाल्लं. टाकीत सगळं मिसळलेलं असते म्हणून हा हिशेब थोडा अंदाजाचा आहे. म्हणजे किलोमीटर शंभरात आठही नाही आणि डिझेल शंभरात बारा. जुलैत पांदणीत फोर बाय फोर लो मध्ये, म्हणजे हळू पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये, टाकून चाललो होतो, चिखल चाकाला असा धरते की टायर गोल दिसतच नाही, नुसता काळा लोंदा फिरते, खालून फेंडरला थापट्या बसतात, तेव्हा स्क्रीनवर 4.1 दिसत होतं. निघाली मात्र, कुठं फसली नाही, त्याच दिवशी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर धुऱ्याजवळ फसलेला होता. त्या कामासाठी घेतली होती, त्या कामाला डिझेल लागणारच, त्याचं मला दुःख नाही. दुःख त्या कोरड्या दिवसांतल्या फालतू चकरांचं आहे.

इथं एक हिशेब सांगतो जो मला कोणीच सांगितला नव्हता. आपण लिटरला किती किलोमीटर असं मोजतो म्हणून डोक्यात गडबड होते. उलटं मोजा, शंभर किलोमीटरला किती लिटर. 14 ची 16 केली तर शंभर किलोमीटरमागं 0.9 लिटर वाचते. 7 ची 9 केली तर 3.2 लिटर वाचते. दोन्हीकडं वाढ दोनचीच, पण खराब बाजूची वाढ साडेतीनपट कामाची. म्हणून हायवेवर पंधराचे सोळा करायला जीव काढण्यापेक्षा वावराच्या चकरा कमी करा. मी फेब्रुवारीपासून कोरड्या दिवसात बाईकनंच जातो आणि तेव्हापासून महिन्याचा आकडा वर आला, एकदम दिसण्यासारखा.

या छोट्या चकरांचा दुसरा त्रास डीपीएफचा. बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमाची, डिझेल गाडी घेणाऱ्या गावाकडच्या माणसानं हे आधी ऐकून घ्यावं. सायलेन्सरच्या लाइनमध्ये एक फिल्टर असते, त्यात काजळी जमते, आणि ती जाळायला गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल टाकून फिल्टर तापवते. त्यासाठी गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं बऱ्या स्पीडला चालली पाहिजे. आमची चालायची दहा मिनिटं. नोव्हेंबरात कापूस वेचणीच्या घाईत जवळपास दोन आठवडे गाडी तालुक्याच्या बाहेर गेलीच नाही आणि पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे आणून लावा, खर्च पाहून सांगतो. मामेभावानं सांगितलं आधी हायवेला काढ. वडकी ते हिंगणघाट चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, इंजिन दोन हजाराच्या वर फिरवत नेली, वडनेरच्या पुढं दिवा गेला. तेव्हापासून दवाखान्याची फेरी असतेच, नसेल तर आठवड्यातून एकदा हायवेला काढतो. फिल्टर साफ होताना त्या टाकीचं अ‍ॅव्हरेज एक-दीडनं पडते, फॅन जोरात फिरते, गरम वास येते, घाबरायचं नाही, फक्त मध्येच बंद करायची नाही.

डीईएफचं, म्हणजे धूर साफ करायला सायलेन्सरच्या लाइनमध्ये जे पाणी फवारलं जाते त्याचं, पण विचारतात. वेगळी छोटी टाकी असते, अकरा महिन्यात दहा लिटरच्या दोन बादल्या लागल्या, खर्च फार नाही. पण गावात एकानं मला खरंच विचारलं की यात युरियाच असते ना, मग घरचा कट्टा घोळून टाकला तर? बाप्पा, असं करू नका. त्यात 32.5 टक्के एकदम शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असते. आपला खताचा युरिया निंबोळीचं कोटिंग केलेला, पाणी बोअरचं क्षाराचं, सगळी सिस्टीम जाम होईल आणि तो खर्च लाखाच्या घरात जाऊ शकते.

मे महिन्याबद्दल थोडक्यात. 45 च्या वर गेलेल्या उन्हात एसीशिवाय बाबांना नेता येत नाही. जानेवारीत ज्या रस्त्यावर 13 होतं त्याच रस्त्यावर मे मध्ये 11.2. त्यात दवाखान्याच्या बाहेर गाडी चालू ठेवून एसीत बसलं की तासाला लिटरच्या जवळ जाते, किलोमीटर शून्य. आता झाड पाहून लावतो आणि बंद करतो. निघताना पहिली पाच मिनिटं काचा उघड्या ठेवून गरम हवा काढतो, मग एसी.

मी स्वतः एक चूक बरीच वर्षं करत होतो, उतारावर न्यूट्रल करायची. डिझेल वाचते असं वाटायचं. आताच्या इंजिनमध्ये गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेल जाणंच बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागते. वरून ब्रेकवर सगळा भार येते, दोन टनाची गाडी, सहा माणसं. नका करू. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी थंड असताना पाहतो, दाराच्या खांबावर लिहिलेली तेवढीच, भरून निघायचं असेल तर भाराची जी दिली असते ती. एटी टायर, म्हणजे जाड खाचांचे कच्च्या रस्त्यालाही चालणारे, टाकायचं लय मनात होतं, चिखलासाठी. मित्रानं अशाच गाडीला टाकले, त्याचं जवळपास पाऊण किलोमीटर गेलं, आवाज वेगळा. मी सध्या थांबलो आहे.

टू व्हील ड्राइव्ह घ्यावी का फोर बाय फोर, तर माझ्या मावसभावाकडं यातलीच टू व्हील आहे, कळंबकडंच फिरते, त्याची वही म्हणते साडेतेरा. ज्याच्या वावरापर्यंत खडीकरण झालं आहे त्यानं फोर बाय फोरचे वरचे पैसे आणि हे रोजचं डिझेल दोन्ही वाचवावं, मी अगदी मनापासून सांगतो. ज्याची पांदण आमच्यासारखी आहे त्याला पर्याय नाही, पण त्यानं घेतानाच बारा धरून हप्ता आणि डिझेल मांडावं, साडेपंधरा धरून नाही. माझं डिझेलच किलोमीटरला साडेसात रुपये पडून राहिलं, सर्व्हिस, टायर, विमा वेगळा. आणि तरी मामेभावाची भरलेली बारा चाकी लिटरला साडेतीन देते, त्याच्यासमोर मी तक्रार करत नाही.

काल वडकीला भरली, 538 किलोमीटर, 41.6 लिटर, 12.93. त्यात वावराची चक्कर एकच होती, बियाण्याच्या बॅगा न्यायच्या होत्या म्हणून. पांदणीचं माती काम यंदाही झालं नाही, तर पहिला पाऊस पडला की पुन्हा लो गिअर आणि पुन्हा अकराच्या आसपास. सप्टेंबर संपला की वहीतले पावसाळ्याचे आकडे इथंच खाली टाकतो.