कोल्हापुरात राजारामपुरीतल्या बेकरीचे मूनकेक: चवळीचा घ्या, कमळगट्ट्याचा विचारून घ्या

बेकरीचं नाव सांगत नाही, कारण खाली तक्रार पण आहे आणि मला उद्या परत तिथंच खारी आणायला जायचंय. 2025 च्या कोजागिरीच्या आठवड्यात काउंटरवर पाटी दिसली, 'मूनकेक मिळतील', म्हणजे चिनी लोकांचे आत सारण भरून भाजलेले गोड केक. म्हटलं हे काय आता! तर मालकांचा मुलगा काही वर्षं क्रूझच्या किचनमध्ये होता, तिथं शिकून आलाय.

मला मूनकेक माहीत होते कारण धाकट्या भावानं सिंगापूरहून एकदा पत्र्याच्या डब्यातनं आणले होते आणि आम्ही ते खारीसारखं चहात बुडवून एकेकानं अख्खा एक हाणला होता, रात्री कुणाला जेवण गेलं नाही. हे असं खायचं नसतं. एकाच्या आठ फोडी करायच्या, एक-दोन फोडी माणशी, आणि सोबत बिनसाखरेचा चहा, बास.

तिकडं चीनमध्ये मूनकेक खायचा सण म्हणजे आठव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा, घरची सगळी मिळून चंद्र बघतात. 2025 ला त्यांची आणि आपली कोजागिरी एकाच रात्री आली, 6 ऑक्टोबरला. दरवर्षी असं जमत नाही, 2024 ला त्यांची 17 सप्टेंबरला होऊन गेली आणि आपली 16 ऑक्टोबरला, कारण अधिक महिना कधी धरायचा याचं त्यांचं गणित वेगळं. चंद्रावर ससा मात्र त्यांनापण दिसतो, फक्त त्यांचा खलबत्त्यात औषध कुटत बसलेला असतो.

आता माल. तळहातावर मावेल एवढा गोल, कडेला पाकळ्या, वर साच्याची चिनी अक्षरं. काय लिहिलंय विचारलं तर पोरगा हसून म्हणाला, "दादा, साचा ऑनलाइन मागवलाय, चांगलंच लिहिलं असंल की." वरचं आवरण मात्र नाद खुळा. मूळ पद्धतीत लिंबू घालून मंद आचेवर आटवलेला साखरेचा पाक आणि जरासं खाराचं पाणी पिठात घालतात, खारानं पाकाचा आंबटपणा मरतो आणि भाजताना रंग चढतो. ह्यानं पाकाच्या जागी सरळ आपली काकवी घातली आणि खार म्हणून पापडखार! तांबूस रंग, आणि गुऱ्हाळाजवळनं गाडी नेताना येतो तो वास. हे सुचलं त्याला सलाम.

पण घेतल्या दिवशी खाऊ नका. मी घरी येऊन लगेच एक कापला तर आवरण कडक, सुरीखाली तुकडे पडले. दोन दिवस डब्यात ठेवला की सारणातलं तेल बाहेरच्या पिठात उतरतं आणि तेच आवरण मऊ, चकचकीत होतं. हे काउंटरवर सांगायला पाहिजे होतं, मला फोन केल्यावर कळलं.

चवळीच्या सारणाचा सगळ्यात भारी. तिकडं लाल छोटे बीन्स असतात, ह्यानं लाल चवळी शिजवून, वाटून, तेलात परतलीय. पुरणाची बहीण म्हणा, पण जास्त गुळगुळीत आणि गोडाला कमी. आईचं मत, वेलदोडा नाही म्हणजे अर्धवटच.

आणि तक्रार कमळगट्ट्याची. दोनपैकी एक इतका कडू की कारलं परवडलं. कमळाच्या बीच्या आत हिरवा कोंब असतो, तो प्रत्येक बीतनं काढावा लागतो, राहिला की सगळं सारण कडू. परत द्यायला गेलो तर मालक म्हणतात, "चायनीज हाय, असंच लागतंय." अहो काका! पोरानं आतनं येऊन एक फोड तोंडात टाकली, तोंड वाकडं केलं आणि गुपचूप दोन चवळीचे बदलून दिले. वडिलांनी तोपर्यंत गल्ला मोजायला घेतला होता.

अंड्याचा ऑर्डरवरच मिळतो. मिठाच्या पाण्यात महिनाभर मुरवलेल्या अंड्याचा बलक मधोमध, तो म्हणजे चंद्र. तिकडं बदकाचं अंडं, इथं कोंबडीचं. कोजागिरी, त्यात सोमवार, त्यामुळं घरात एंट्रीच नाही, मंगळवारी मित्राच्या गच्चीवर कापला. पहिल्या घासाला श्रीखंडात लोणच्याची फोड आल्यासारखं वाटलं, तिसऱ्या घासाला मी मित्राची फोडपण खाल्ली.

चारचा बॉक्स 440 ला. खारीच्या हिशोबानं महाग आहे, पण अर्ध्या बॉक्समध्ये घरची सहा माणसं झाली, वर गंगावेशीतनं आणलेलं म्हशीचं दूध आटवलेलं होतंच.

2026 ला त्यांची पौर्णिमा 25 सप्टेंबरला आहे, म्हणजे नेमकी अनंत चतुर्दशी. मी आताच विचारून ठेवलं, त्या दिवशी मिरवणुकीच्या गर्दीतनं तुमच्यापर्यंत पोचायचं कसं? पोरगा म्हणाला, "दोन दिवस आधीच घिऊन जावा की, तसंबी ते मुरायलाच लागतंय."