तीन ट्वीटर आणि मिरजेचा एक तानपुरा

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागातील आमच्या घरात शिरले, तेव्हा खालच्या खोलीतील जुने स्पीकर इतके फुगले की कडा उकलून लाकडाचा ओला भुगा हाताला येऊ लागला. त्यानंतर बरीच वर्षे हेडफोनवर भागवले. यंदा माडीवरच्या खोलीसाठी नवी, उंची जोडी घ्यायचे ठरल्यावर घाई न करता तीन स्नेह्यांकडून तीन जोड्या महिनाभरासाठी मागून आणल्या. मागून आणलेल्या वस्तूंची नावे घेऊन उणीदुणी काढणे बरे दिसत नाही आणि ही तुलनाही ट्वीटरच्या, म्हणजे स्पीकरमधल्या उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या भागाच्या, रचनांची आहे, म्हणून त्यांच्या कंपन्या सांगत नाही.

पहिल्या जोडीचा ट्वीटर लेप दिलेल्या रेशमी कापडाच्या डोमचा, म्हणजे लहान घुमटासारख्या पडद्याचा, दुसरीचा बेरिलियम या धातूच्या डोमचा आणि तिसरीचा घड्या घातलेल्या पडद्याचा, म्हणजे ऑस्कर हाइल यांच्या एअर मोशन ट्रान्सफॉर्मर जातीचा आहे. खोली १४ फूट बाय १८ फूट असून खाली शहाबादी फरशी व तीवर जाड सतरंजी आहे. ॲम्प्लिफायर एकच ठेवला, स्पीकरच्या जागा खडूने आखून घेतल्या आणि आवाजाची पातळी दर वेळी मोजून सारखी केली. हे शेवटचे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण किंचित मोठ्याने वाजणारी जोडी कानाला नेहमीच सरस वाटते.

ट्वीटरचा डोम हलका हवा आणि कडकही हवा, आणि या दोन गोष्टी सहसा एकत्र नांदत नाहीत. कडकपणा कमी पडला की डोम एकसंध हलण्याऐवजी त्याचे निरनिराळे भाग आपापल्या परीने थरथरू लागतात. ॲल्युमिनियमच्या डोमची ही अवस्था साधारणपणे २५ ते ३० किलोहर्ट्झच्या आसपास येते. बेरिलियम ॲल्युमिनियमहून हलके आणि त्याच्या कितीतरी पट कडक असल्यामुळे ती मर्यादा बरीच वर जाते. यामाहाने १९७४ च्या एनएस-१००० या स्पीकरमध्ये ते वापरले, फ्रान्सची फोकल त्याचा आत वळलेला, उलटा डोम करते, आणि बॉवर्स अँड विल्किन्सने ८०० मालिकेत थेट कृत्रिम हिऱ्याचा डोम बसवून हीच मर्यादा ७० किलोहर्ट्झच्या घरात नेली. माझे वय ५८ आहे आणि १२ किलोहर्ट्झच्या पलीकडचे मला ऐकू येत नाही, तेव्हा ७० चा आकडा ऐकून मला हसू आले, हे कबूल करतो. मात्र बिघाड जितका दूर, तितका ऐकू येणाऱ्या पट्ट्यात डोम शिस्तीत हलतो, एवढा त्याचा उपयोग खरा आहे. कापडाचा डोम याच्या उलट वाटेने जातो. तो आधीच वाकू लागतो, परंतु कापड आणि लेप ती थरथर स्वतःतच जिरवतात, त्यामुळे एखादे टोचणारे शिखर तयार होत नाही.

परीक्षेसाठी घरचा मिरजेचा तानपुरा घेतला. याच खोलीत एका मायक्रोफोनवर तो ध्वनिमुद्रित केला आणि मग दोन स्पीकरांच्या मधोमध भाच्याला तानपुरा घेऊन बसवून खरा नाद व मुद्रित नाद आलटून पालटून ऐकला. तार थरथरताना घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, माथ्याला चाटून जाते, त्यातून जवारी, म्हणजे नादाची गुंजणारी चकाकी, उमटते, आणि तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकला तरी नाद खुलतो किंवा मिटतो. खर्जातून स्वयंभू गंधार स्वच्छ ऐकू आला की जाणकारही ट्वीटरची वाहवा करतात, पण तो मान ट्वीटरचा नाही. काळी एकच्या पट्टीत खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते आणि गंधार हा तिचा पाचवा उपस्वर, म्हणजे सुमारे ३४६ हर्ट्झ. ट्वीटर साधारणपणे २००० ते ३५०० हर्ट्झच्या पुढे कामाला लागतो. त्यामुळे गंधार सर्वस्वी मिडरेंजचा, म्हणजे मधले स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा, असतो आणि ट्वीटरच्या वाट्याला जवारीची चकाकी येते.

तिसऱ्या जोडीत ही चकाकी पहिल्या दहा मिनिटांत मोहून टाकते. तबल्याची चाट इतकी सुटी मी स्पीकरवर क्वचितच ऐकली आहे. पण दोन दिवसांनी भाचा म्हणाला, "मामा, जवारी ऐकू येतेय, पण ती तानपुऱ्यातून येत नाही." त्याचे बरोबर होते. ३००० हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ११ सेंटिमीटर असते आणि त्या जोडीचा मिडरेंज १८ सेंटिमीटरचा होता, त्यामुळे तो तिथे आवाज अरुंद झोतात फेकतो आणि लगेच वरचा ट्वीटर तो खोलीभर आडवा पसरवतो. शिवाय उभट पडदा वर-खाली फारसा पसरत नाही. खुर्चीतून सतरंजीवर मांडी घालून बसलो की झांज मंद व्हायची, आणि बैठकीवर बसून ऐकणाऱ्या घरात ही मोठीच अडचण आहे.

बेरिलियमने चारही तारा वेगळ्या दाखवल्या, अगदी बोटाचा स्पर्शसुद्धा. मात्र अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या लावल्या की गाण्याआधी खरखर पुढे यायची. स्पीकरची तोंडे माझ्याकडे रोखलेली होती, ती थोडी बाहेर वळवल्यावर खरखर मागे सरली, कारण सर्वांत वरच्या पट्ट्यात डोमचा आवाज सरळ रेषेतच अधिक जातो.

कापडी डोमभोवती उथळ वाटीसारखा आकार दिलेला आहे. त्यामुळे ट्वीटरचा खालचा आवाज मिडरेंजइतकाच पसरतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे स्वर जाताना सांधा जाणवत नाही. केईएफ या स्पीकर कंपनीने १९८८ पासून ट्वीटर मिडरेंजच्या मध्यभागीच बसवून हाच प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवला आहे. जवारी येथे किंचित झाकलेली आहे, धागा जरा जास्त सरकल्यासारखी, आणि घुंगरांची धारही थोडी बोथट आहे. पण डोळे मिटले की खोलीत एकच तानपुरा असतो आणि तीन तास ऐकूनही कान शिणत नाहीत. मी हीच जोडी घेतली. भाच्याचा कौल अजूनही बेरिलियमला आहे, आणि ती जोडी परत नेऊन देण्याचे काम तो तीन आठवडे पुढे ढकलत आहे.