खानदेशातून समुद्रावर जायचं तर रत्नागिरी की दीव?

घरातल्या किती जणांना पाण्यात उतरायचं आहे, हे आधी विचारून घ्या. पोरंसोरं तासन्‌तास लाटांत खेळणार असतील तर दीव. आई-वडील बरोबर आहेत, देवदर्शन हवं, हिरवाई हवी आणि समुद्र काठावरून बघितला तरी मन भरतं, तर रत्नागिरी. दोन्हीकडे सगळं मिळतं असं सांगणाऱ्या पॅकेजवाल्यांवर विसंबू नका.

जाण्याच्या सोयीत रत्नागिरी सरळ पुढे आहे. निजामुद्दीन–एर्नाकुलम मंगला एक्स्प्रेस भुसावळ-जळगावहून नाशिक, कल्याण, पनवेल करत थेट रत्नागिरीला उतरवते. रात्री बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचता आणि मधे सामान कुठेच उतरवावं लागत नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मे महिना आणि गणपतीसाठी पहिल्याच दिवशी बुकिंगला बसावं लागतं. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, तेव्हा जुन्या वेळेच्या भरवशावर राहू नका. स्वतःच्या गाडीने साडेसहाशे-सातशे किलोमीटर पडतात आणि शेवटी आंबा घाट. एका दमात करायचा हा प्रवास नाही, पुण्यात किंवा कोल्हापुरात मुक्काम धरा.

दीवला रेल्वे स्टेशनच नाही. ताप्ती लाइनने अमळनेर, नंदुरबार करत सुरत गाठायचं आणि तिथून पुढे जायचं. सुरतेत हिऱ्यांच्या कामाला आलेली सौराष्ट्रातली माणसं फार, त्यामुळे वराछा भागातून ऊना-दीवकडे रात्रीच्या स्लीपर बस सुटतात. पण दिवाळीत हीच मंडळी गावी जातात, भाडी चढतात आणि जागा मिळत नाही. आपल्या शाळांच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच असतात. रेल्वेनेच जायचं असेल तर अहमदाबादहून वेरावळ, आणि पुढे सुमारे ९० किलोमीटर रस्ता. वाटेत सोमनाथ होतं, हा त्या मार्गाचा मोठा फायदा. धुळे-नवापूरकडून गाडी घेऊन जाणाऱ्यांनी हजीरा–घोघा रो-रो बोटीची चौकशी जरूर करावी. गाडीसकट तीन-चार तासांत खंभातचं आखात ओलांडता येतं आणि बडोद्याकडून पडणारा मोठा वळसा वाचतो. हवा बिघडली की फेरी रद्द होते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी खात्री करा.

आता पाण्याबद्दल, कारण चूक इथेच जिवावर बेतते. तापी-गिरणेत पोहलेला माणूस समुद्रात पोहू शकेलच असं नाही. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते, आणि रत्नागिरीजवळच्या गणपतीपुळे व आरे-वारे इथे ही ओढ जबर आहे. दरवर्षी माणसं बुडतात, त्यांत घाटावरून आलेले पर्यटक बरेच असतात. तिथे घोट्यापलीकडे जाऊ नका. भरतीचा कोकणातला जुना हिशोब लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट करायची. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या, अर्धा-पाऊण तास मागेपुढे. म्हणजे संकष्टीला गणपतीपुळ्यात गर्दी असते आणि दुपारी समुद्रही चढलेला असतो. दीवला हा हिशोब जुळत नाही, तिथे मुक्कामाच्या ठिकाणी वेळ विचारून घ्या.

दीवचा नागोआ किनारा घोड्याच्या नालासारखा वळलेला असल्याने लाटा त्या मानाने सौम्य येतात. घोघला हा दुसरा किनारा लांब, स्वच्छ आणि शांत आहे, त्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकनही आहे. नागोआवर शनिवार-रविवारी दारू पिणाऱ्यांची गर्दी होते, म्हणून कुटुंबाने घोघलाच धरावा. बाकी बेट जेमतेम ११-१२ किलोमीटर लांब. भाड्याची स्कूटर घेतली की दीड दिवसात किल्ला, नायडा गुंफा, सेंट पॉल चर्च आणि फुदमचं गंगेश्वर होतं. गंगेश्वरला ओहोटीत जा, तरच पाचही पिंडी नीट दिसतात. खुकरी स्मारक चुकवू नका. ९ डिसेंबर १९७१ ला बुडालेल्या त्या युद्धनौकेबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. गीर जोडायचं असेल तर १६ जून ते १५ ऑक्टोबर अभयारण्य बंद असतं.

रत्नागिरीला तीन दिवस तरी हवेत. शहरात रत्नदुर्ग, टिळकांचं जन्मस्थान, १९३१ चं पतितपावन मंदिर आणि थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी इथे ठेवलं, १९१० मध्ये हा राजवाडा बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे, जवळच केशवसुतांचं मालगुंड, वेळ उरला तर जयगड. एका बाजूला डोंगर आणि खाली समुद्र असा हा रस्ता दीवच्या कुठल्याही किनाऱ्यापेक्षा देखणा आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तिसरा दिवस स्वामी स्वरूपानंदांच्या पावस गावाला.

जेवणात शाकाहाऱ्यांची अडचण दोन्हीकडे नाही. शेवभाजीची सवय असलेल्या जिभेला कोकणातलं नारळ-कोकमाचं जेवण दोन दिवस सौम्य लागेल, एवढंच. मासे खायचे असतील तर जून-जुलै टाळा, तेव्हा मासेमारी बंद असते. हापूस हवा तर एप्रिल-मे, पण दमट हवेत घाम सुकत नाही. आपल्याकडच्या कोरड्या ४५ अंशांपेक्षा तिथले ३५ काही जणांना जड जातात.

दीवसाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. दिवाळी ते लाभपंचमी हे दिवस सोडा, सगळा गुजरात तिथे लोटतो आणि खोल्यांचे दर कित्येक पट होतात. परतताना दारूची एकही बाटली सामानात ठेवू नका. दीवची हद्द संपली की गुजरातची दारूबंदी लागते, नाक्यावर तपासणी होते आणि एका बाटलीपायी सगळी गाडी अडकते.